रिकामा पंप

शाळेतल्या दवाखान्याचा निधी आणि त्यावर चालणारी नर्सची नोकरी राहणार की जाणार, हे सोमवारी ठरणार होतं. नर्सबाईंच्या जिवाला घोर होता तो तिसरीतल्या दमेकरी पोरीचा. घरी आई-बाप दोघंही दिवसभर कामावर. म्हणून आठवडाभर त्या तिला दम्याच्या औषधाच्या रिकाम्या पंपावर शिकवत होत्या. "आधी हलव, श्वास सोड, मग ओढताना दाब." पोर रोज चुकायची, कधी हलवायला विसरायची, कधी पंप उलटाच धरायची.

शुक्रवारी बाईंचा धीर सुटला. "अगं, पाढे धडाधड म्हणतेस, आणि एवढंसं जमेना?"

पोरीनं पंप हलवला, श्वास सोडला, ओढता ओढता दाबला आणि दहा अंक मोजून होईपर्यंत दम धरला. एकही चूक नाही. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "पहिल्याच दिवशी जमलं होतं, बाई. पण मला आलं, की तुम्ही जाणार ना?"