वेंडेलची जागा

चाळीस वर्षं गावच्या बेसबॉल संघासाठी घसा फोडून ओरडणारा वेंडेल मार्चमध्ये गेला. नव्या मोसमाच्या पहिल्या सामन्याला मैदानाच्या मॅनेजरने त्याच्या लेकीला, लोर्नाला, मुद्दाम बोलावलं आणि वेंडेलच्या नावाची पितळी पाटी लावलेली एक गुबगुबीत खुर्ची दाखवली.

"ही जागा आता कायम त्यांचीच, मॅडम."

लोर्ना खुर्चीवर टेकलीसुद्धा नाही. "इथे गवताचा उतार होता. बाबा चादर अंथरून बसायचे."

"म्हणूनच तर हीच जागा निवडली!"

"खुर्च्या लावून तुम्ही तिकीट चौपट केलंत. मागचे दोन मोसम ते कुठे बसायचे, ठाऊक आहे?"

मॅनेजर गोंधळला. "कुठे?"


"बाहेर तुमच्या पार्किंगमध्ये, गाडीत रेडिओ लावून. पाटी तिथे ठोका."