बकुळाला सांगायचं होतं

"बघा, भिया," असं खास इंदुरी ढंगात म्हणत डॉक्टर सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाले.

मानाजीनं डोळा लावला. शेपटीवाले असंख्य ठिपके, त्याचेच शुक्रजंतू. एकही हलत नव्हता.

"मेलेत?"

"नाही, जिवंत आहेत. पण शेपटीला हलायचा निरोपच मिळत नाही. तो निरोप पुढे पोचवणारं एक एन्झाइम असतं. तुमच्यात बहुधा तेच काम करत नाही. जन्मापासून."

बाहेर बाकावर सुभद्रा बसली होती, त्याची दुसरी बायको. पहिली, बकुळा, मूल होत नाही म्हणून त्यानं धारला माहेरी धाडली होती. पुढे फारकत झाली. तपासण्या तेव्हा फक्त बकुळाच्या झाल्या. याला तपासा असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि त्यालाही ते सोयीचंच होतं.

"दोष माझ्यातच आहे," तो बाहेर येऊन तिला म्हणाला.

सुभद्रा उठली. "बकुळाताईंना कधी सांगणार?"

इंदूरच्या स्टँडवरून ती एकटीच देवासला परतली. तो धारच्या बसमध्ये चढला.

बकुळा भावाच्या अंगणात धुणं वाळत घालत होती. मानाजी तिच्याजवळ गेला आणि खालच्या आवाजात सगळं बोलला. निरोपाचं, न हलणाऱ्या शेपट्यांचं. शेवटी त्यानं हात जोडले.

तिनं हातातलं भावाच्या पोराचं झबलं पिळलं, झटकलं, तारेवर टाकलं.

"वहिनी मला बारशाला नेत नाही," ती म्हणाली. "शेजारची सून डोहाळजेवणाला बोलवत नाही. एवढ्या हळू बोललात, तर त्यांना कसं ऐकू जाईल?"

तिनं आत हाक मारली. "दादा, बाहेर ये. हे काही सांगायला आलेत."

भाऊ खंडोजी ओट्यावर आला. मागे वहिनी दारात उभी राहिली. मानाजी ओट्याकडे वळला.

"दोष बकुळात नव्हता. माझ्यात होता."

भिंतीपलीकडे कुणीतरी मिरच्या कुटत होतं. तो आवाज थांबला.

बकुळानं बादलीतून पुढचा कपडा उचलला. त्याच्याकडे न बघता म्हणाली,

"अजून मोठ्यानं."