दोन उंचवटे

आलेखाला दोन उंचवटे आले तेव्हा अनुपमाने आधी आपल्या कोडवर संशय घेतला.

अवनी पाळण्यात झोपली होती. तेवढ्याच वेळात काय ते करून घ्यायचं. तिने 'आर' या संगणकभाषेतल्या ओळी पुन्हा चालवल्या. वक्र पुन्हा तसाच उमटला. एक चढ, मधे दरी, मग दुसरा चढ. आडव्या अक्षावर अवनीच्या सकाळच्या झोपेची मिनिटं होती. दिराने पुण्याहून एक पट्टी पाठवली होती. पाळण्यातल्या गादीखाली सरकवली की बाळ कधी झोपलं, कधी उठलं ते फोनवर दिसायचं. सात महिन्यांच्या लेकीची झोप एका छानशा घंटेसारख्या वक्रात बघावी, एवढीच तिची हौस.

मग तिने आकडे तपासले. आकडेही बरोबर होते.

"दोन उंचवटे दिसले की समजायचं, दोन वेगळ्या गोष्टी एकाच ढिगात पडल्यात," असं ती वर्गात सांगायची. "कशाने वेगळ्या, ते शोधा."

तिने दिवस वेगळे काढले. मंगळवारी आणि शुक्रवारी ती बसने अकोल्याच्या एका कॉलेजात तासिकांवर संख्याशास्त्र शिकवायला जायची. त्या दिवशी जवळच्या वलगावहून पार्बताबाई यायची आणि अवनीला सांभाळायची. एरवी अनुपमा घरीच. नव्या रकान्याला तिने आधी 'अकोला' असं नाव दिलं. मग ते खोडून 'पार्बताबाई' लिहिलं.

घरच्या दिवसांचा निळा वक्र पाऊण तासावर उभा राहिला. पार्बताबाईच्या दिवसांचा लाल वक्र पार अडीच तासांपाशी. दोघं एकमेकांना शिवतसुद्धा नव्हते.

अनुपमा उठून पाळण्यावर वाकली. अवनीची मूठ गालाखाली दबली होती. तिने हळूच ती सोडवली आणि उगाचच लेकीच्या श्वासाशी हात धरून उभी राहिली.

"अफू असन, दुसरं काय!" समोरच्या नीलमताई म्हणाल्या. "आधी शेतावर जायच्या बाया लेकराले बोट चाटवून जात. दिवसभर बिनघोर. माह्या आत्यानं पाह्यलंय."

"पार्बताबाई तशी वाटत नाही हो."

"तशी वाटली असती तर तू ठेवली असती काय?"

नवऱ्याला, अद्वैतला, हसू आलं. "पोरगी झोपते म्हणून तक्रार करणारी तू पहिलीच आई असशील."

"दोन वक्र इतके लांब आपोआप जात नाहीत, अद्वैत."

"मग काढून टाक बाईला."

"पुराव्याशिवाय? तिचं पोट आहे त्याच्यावर."

शुक्रवारी निघताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "पार्बताबाई, अवनी त्रास देते का हो फार?"

"त्रास कायचा, बाई? तुमी गेल्या का थोड्या वेळात झोपलीच समजा."

"इतकी कशी झोपते?"

पार्बताबाई काहीतरी बोलणार होती. मग तिने खाली पाहिलं आणि कमरेची कापडी चंची आत खोचली. चंचीतून एक पितळी डबी डोकावत होती. बसमध्ये डुलकी लागेपर्यंत अनुपमाच्या डोक्यात ती डबीच होती.

मंगळवारी तिने सापळा लावला. प्रयोगात एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं, हेही ती वर्गात शिकवायचीच. म्हणून तिने नेहमीसारखी साडी नेसली, डबा भरला, गाडी लागू नये म्हणून चहाबरोबर नेहमीची गोळी घेतली, अवनीला पोटभर पाजलं आणि पार्बताबाईच्या हातात दिलं. बदल एवढाच, की स्टँडकडे न वळता ती नीलमताईंच्या घरात शिरली.

त्यांच्या खिडकीतून तिचं दार दिसत होतं. काही वेळाने पार्बताबाई बाहेर आली. रस्त्याच्या या टोकाला, त्या टोकाला पाहिलं. मग दार लोटून घेतलं.

"पाह्यलं?" नीलमताई कुजबुजल्या.

"आत्ताच नको जायला. रंगेहाथ सापडली पाहिजे," म्हणत अनुपमा खुर्चीत टेकली. अकोल्याच्या बसने बडनेरा सोडलं की लागायची तशी तिला डुलकी लागली.

"अवो अनुपमा! पहारा देऊन राह्यली का झोपा काढून राह्यली?"

ती दचकून उठली आणि तशीच धावली. दार ढकललं.

पार्बताबाई जमिनीवर बसली होती. मांडीवर अवनी, मान एका बाजूला कललेली. पार्बताबाई ओलं फडकं तिच्या तळव्यांना लावत होती. शेजारी ती डबी उघडी पडली होती. आत अंगारा होता. तसाच अवनीच्या कपाळावर.

"काय दिलंत तिला? बोला, काय दिलंत?" अनुपमाने लेकीला ओढून छातीशी धरलं. अवनीने डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले.

पार्बताबाई उठली नाही. तिचे डोळे भरले होते.

"मीच तुमाले पुसणार होतो, बाई. किती दिसाचं पोटात ठेवून राह्यलो. तुमी गेल्या का हे पोरगी अशी गळून जाते. पाणी लावतो, टाळ्या वाजवतो, अंगारा लावतो, उठतच नाही. आज तर जीव घाबरला, कोणी दिसते का म्हणून रस्त्यावर पाह्यलं. तुमी शिकल्या-सवरल्या. तुमाले कसं पुसावं?"

"मला काय विचारायचं?"

"निघायच्या अगोदर तुमी इले काय देता?"

"मी?" अनुपमाचा आवाज चढला. "मी काय देणार? मी फक्त अंगावर पाजते तिला!"

वाक्य संपता संपता तिला जांभई आली, आणि अर्ध्यावरच थिजली. तिला चहाबरोबरची गोळी आठवली.