फोन बाकी

बाबांनी कापूस सल्ला केंद्राच्या ईमेलचे दोनच फोल्डर केले होते: ‘फोन बाकी’ आणि ‘झालं’. उत्तर लिहून पाठवलं तरी शेतकऱ्याशी बोलल्याशिवाय ते कुणाचाच ईमेल ‘झालं’मध्ये टाकत नसत. ते वारल्यावर खातं आवरायला मैत्रेयी पुण्याहून पुसदला आली. “ताई, सारेच ‘झालं’मध्ये टाका न! कायले एकेक वाचून राह्यल्या?” बाबांचा सहकारी प्रफुल्ल म्हणाला. तिने ‘फोन बाकी’मधला पहिला नंबर फिरवला. झरीच्या इंदूबाई म्हणाल्या, “सायबायले सांगा, बोंडअळी हटली. त्यायनं सांगतलेलं औषध लागू पडलं.” “सांगते,” म्हणत मैत्रेयीने तो ईमेल ‘झालं’मध्ये टाकला. संध्याकाळपर्यंत एकच उरला, तिचाच: ‘बाबा, पुण्याला सुखरूप पोहोचले.’ तो आला त्याच दिवशी बाबा गेले होते. “हा बी टाका न आता,” प्रफुल्ल म्हणाला. “नको,” ती म्हणाली. “याचा फोन बाकी आहे.”