राबाचा धूर

मुरबाडजवळच्या निसर्ग पार्कात दर शनिवारी शहरातले पाहुणे गवताने शाकारलेल्या खोल्यांत राहायला, चुलीवरचं जेवायला आणि तारे बघायला येतात. या शनिवारी नेमक्या त्याच वेळी कुंपणापलीकडच्या आपल्या शेतात पंढरीने राब पेटवला. पालापाचोळा नि शेण पसरून जमीन भाजली, की पावसाळ्यात तिथे भाताची रोपं जोमाने येतात. पंढरीच्या घरचा वर्षाचा भात त्यावरच.

पार्कचे मालक विपुलशेठ कुंपणाशी आले. "पंढरी, तुझ्या धुराने आमचं आकाश दिसत नाही."

"आकाश कवा घेतलंत, शेठ? आमाला वाटलं, जमीनच घेतली."

"विझव आधी."

"मंग पोरांना वर्षभर काय, तारे वाढू?"

विपुलशेठ वाद घालणाऱ्यांतले नव्हेत. त्यांनी बागेचा पाइप मागवला, कुंपणावरून पलीकडे धरला आणि पेटल्या राबाचा चिखल केला.

अर्ध्या तासात धूर विरला, आकाश लख्ख झालं. पाहुण्यांनी दहा मिनिटं तारे पाहिले, मग त्यांच्या माना दुखायला लागल्या. एक बाई म्हणाल्या, "मघाशी ते शेत जळत होतं ना, ते जास्त छान होतं. अगदी गावाकडचं."

शेठ लगबगीने परत कुंपणाशी. "पंढरी, पेटव रे तुझा राब. पाहुण्यांना बघायचाय."

पंढरीने खिशातून काडेपेटी काढली.



"राब तर तुमी भिजवलात, शेठ. आता कोरडं गवत तुमच्या खोल्यांच्या छपरांवरच हाय. कंच्या खोलीपासून लावू?"