पांढरे कागद

फुटणाऱ्या लाटांचे खारट कण हवेत किती मिसळतात, ते मोजणारं यंत्र अक्षयाने किनाऱ्यालगत लवूच्या अंगणात बसवलं होतं. धुराने मोजणी बिघडते, तेव्हा चूल पेटवू नका, असं तिने बजावलं होतं. लवूच्या बायकोने, शेवंतीने, ते हसण्यावारी नेलं होतं. महिन्याभराने अक्षया यंत्रातले, दिवसाला एक असे साठलेले गाळणीचे कागद काढायला आली आणि ओट्यावर एकेक मांडत बसली.

"काका, आधीचे सगळे करडे. काकींची चूल! मग हा एक काळाकुट्ट. कचरा जाळलात वाटतं? पण त्यानंतरचे बघा, कसे पांढरेशुभ्र! शेवटी काकींनी ऐकलं म्हणायचं."

"ऐकता खंयची ती!"

"मग चूल बंद कशी झाली?" असं म्हणत तिने तो काळा कागद चुरगळायला घेतला.

लवूने तो तिच्या हातातून काढून घेतला.

"कचरो नाय तो. शेवंतेक समोरच्या वाळूत अग्नी दिलो, त्या दिसाचो आसा. पांढरे तू घेवन जा, बाय. बरे इलेत ते."