छताची उंची

दवाखान्याच्या दारात शववाहिकेचा ड्रायव्हर म्हणाला, "ताई, आडवंच नेऊ की. शिरूरला गेल्यावर बसवा."

"आम्हा लिंगायतांत बसवूनच नेतात," रत्नम्मा म्हणाली. "माझे अप्पा त्यांच्या गाडीनं जातील."

टंचाईत पाण्याचे ड्रम वाहायला अप्पांनी आपल्या छोट्या जपानी व्हॅनची मधली सीट काढून ठेवली होती. रत्नम्मानं ती घरून आणली, स्वतः नटबोल्ट आवळले. मग अप्पांना मांडी घालून बसवलं, डोक्याला पटका बांधला. पटका छताला लागला नाही.

तेव्हा तिला शोरूममधली ती दुपार आठवली. भाऊ ॲव्हरेज विचारत होता आणि अप्पा याच सीटवर पटक्यासकट मांडी घालून, डोळे मिटून बसले होते. विक्रेता हसला होता.

डोळे उघडून अप्पा एवढंच म्हणाले होते, "हीच द्या."